पहिल्या बटणाचा उशीर: जोडणीच्या वेळापत्रकाच्या प्रकल्प नोंदी, इंदूर

११ ऑगस्ट २०२५, सोमवार

नमकीनच्या एका वितरकाचं ऑर्डर घ्यायचं अ‍ॅप आमच्याकडे सांभाळायला आहे. त्याचे सेल्समन सकाळी डेपोतून निघतात आणि आपापल्या बीटवर, म्हणजे ठरवून दिलेल्या भागात, दुकानं करत जातात. सियागंज, मल्हारगंज, छावनी, मालवा मिल, काही जण राऊ-महू, एक जण खंडवा रोडने सिमरोलच्या पुढे. सगळ्यांची तक्रार एकच आहे. दुकानात पोहोचून पहिलं बटण दाबलं की चाक फिरत बसतं, त्यानंतरची बटणं मात्र पटापट चालतात. पुढच्या दुकानात पुन्हा तेच.

मालकांचं म्हणणं, सर्व्हर मोठा घ्या. सर्व्हरचा लॉग पाहिला. विनंती त्याच्यापर्यंत पोहोचली की उत्तर लगेच निघतंय, ताणही काही नाही. वेळ जातोय तो विनंती निघायच्या आधी, जोडणी उभी करण्यात. सर्व्हर दुप्पट केला तरी त्यातला एक क्षण कमी होणार नाही, हे मालकांना आजच फोनवर सांगितलं. त्यांना पटलं. मुदत मात्र घातली: दसऱ्यानंतर दिवाळीच्या ऑर्डरी सुरू होतात, त्याआधी हे सुटलं पाहिजे.

१३ ऑगस्ट, बुधवार

अ‍ॅप ज्या लायब्ररीतून सर्व्हरशी बोलतं त्या ओकेएचटीटीपीत इव्हेंट लिसनर, म्हणजे प्रत्येक टप्प्याची वेळ टिपणारा कोड, लावला. आता प्रत्येक विनंतीमागे वेगळी नोंद पडते: डीएनएसला (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधायला) किती वेळ गेला, टीसीपीला (जोडणी उभी करायला) किती, टीएलएसला (ती सुरक्षित करायला) किती, आणि खरी विनंती कधी निघाली.

ऑफिसात लिनक्सच्या नेटएम या साधनाने मुद्दाम उशीर घालून हिशेब पडताळला. फोनपासून सर्व्हरपर्यंत जाऊन परत येणं ही एक फेरी. तिला २०० मिलिसेकंद लागतील असं ठेवलं. डीएनएसची एक फेरी, टीसीपीची एक, टीएलएस १.२ च्या दोन, आणि शेवटी विनंती-उत्तराची एक. पाच फेऱ्या, म्हणजे पूर्ण एक सेकंद. टीएलएस १.३ असेल तर त्याची एकच फेरी, मग ८०० मिलिसेकंद. आणि जोडणी आधीच उभी असेल तर फक्त २००. लॉगमधले आकडे या हिशेबाला चिकटून आले.

सर्व्हर मुंबईत आहे. तो इंदूरला आणला तर, असं सर्व्हर सांभाळणाऱ्या मित्राने विचारलं. इंदूर ते मुंबई सरळ रेषेत साधारण ५०० किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन ५ मिलिसेकंद. तार सरळ जात नाही, वाटेत यंत्रं लागतात, तरीही हा भाग लहानच. उशीर साठतो तो फोन ते टॉवर आणि ऑपरेटरच्या आतल्या जाळ्यात. सर्व्हर शेजारच्या इमारतीत आणून ठेवला तरी तो तसाच राहील.

म्हणजे फेऱ्या थोड्याफार कमी करता येतील, प्रत्येक फेरीचा वेळ आपल्या हातात नाही. आपल्या हातात एकच मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे या फेऱ्या कधी करायच्या. दुकानदार समोर थांबलेला असताना करायच्या, की त्याच्या आधी. पुढचं सगळं काम याच दिशेने.

१८ ऑगस्ट, सोमवार

आज सियागंजच्या बीटवर डेपोतल्या सगळ्यात जुन्या सेल्समन काकांबरोबर फिरलो. ऑफिसात बसून हे दिसलं नसतं.

काका गाडी लावतात, फोन खिशातून काढतात, अ‍ॅप उघडतात, यादीतून दुकान निवडतात. मग दुकानात शिरून रामराम. जुनी बाकी किती ते अ‍ॅपमध्ये बघून सेठजींना सांगतात. सेठजी तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं करतात. मग रतलामी सेव किती पाकिटं, खट्टा-मीठा किती, अशी एकेक ओळ भरत जाते. मध्ये बराच खंड पडतो, कारण सेठजींचं लक्ष गल्ल्यावर असतं. शेवटी सगळी ऑर्डर वाचून दाखवायची, मान हलली की पाठवायची. नेमकं तेव्हाच चाक फिरायला लागतं आणि काका काउंटरवर नुसते उभे राहतात. एका दुकानात सेठजी म्हणालेच, “भिया, इससे तो कापी में लिख लेते.”

परत येताना काकांनी सांगितलं, की कागदाच्या काळात ते पायऱ्या चढतानाच पावतीबुक उघडून, कार्बन घालून, दुकानाचं नाव लिहून ठेवायचे. सेठजींनी तोंड उघडायच्या आत पेन तयार. अ‍ॅपने त्यांची ही तयारी काढून घेतली आहे, आणि ती परत मिळवून देणं हेच आपलं काम आहे असं मला वाटतं.

आणखी एक गोष्ट. सियागंजची बरीच दुकानं आत, तळघरात आहेत. तिथे डेटाची पाकिटं, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे माहितीचे तुकडे, हरवतात. टीसीपीचं पहिलंच पाकीट हरवलं तर फोन पूर्ण एक सेकंद वाट बघून ते पुन्हा पाठवतो, तेही हरवलं तर आणखी दोन सेकंद. आरएफसी ६२९८ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) २०११ साली ही पहिली वाट ३ सेकंदांवरून १ वर आणली, पण काउंटरवर ती एकही फार मोठी वाटते. जोडणी रस्त्यावर असतानाच उभी झालेली असेल तर निदान हे पहिलं पाकीट तळघरात अडकणार नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

घड्याळाने चालणारं वेळापत्रक आज बाद केलं. कारणं लिहून ठेवतो, कारण हा विचार कुणाच्या तरी डोक्यात पुन्हा येईल.

मूळ कल्पना अशी होती: बीट ठरलेली आहे, पुढचं दुकान कोणतं ते अ‍ॅपला माहीत आहे, एका दुकानाला सरासरी किती वेळ लागतो तेही माहीत आहे. मग अंदाजाने पुढच्या दुकानाच्या थोडं आधी जोडणी उभी करून ठेवू. कागदावर छान दिसतं.

पण तेव्हा फोन खिशात असतो, स्क्रीन बंद. अँड्रॉइडचा डोझ, म्हणजे बॅटरी वाचवायला अ‍ॅपना झोपवणारी सोय, २०१५ साली ६.० बरोबर आला तेव्हा तो स्थिर पडलेल्या फोनपुरता होता, ७.० पासून स्क्रीन बंद असलेला फोन खिशात हलत असला तरी त्याची हलकी आवृत्ती लागू होते आणि मागे पडलेल्या अ‍ॅपचं नेटवर्क अडवून मधूनमधून थोड्या वेळासाठी सोडते. मागे चालणारी कामं लावून देणाऱ्या वर्कमॅनेजरचं ठरावीक अंतराने चालणारं काम १५ मिनिटांपेक्षा कमी अंतराचं लावताच येत नाही, आणि लावलं तरी ते नेमक्या क्षणी सुटेल अशी हमी तो देत नाही. ती त्याची उणीव म्हणता येणार नाही, बॅटरी वाचवण्यासाठीच तो तसा बनवला आहे. नेमक्या वेळेचा अलार्म अँड्रॉइड १२ पासून वेगळी परवानगी मागतो, आणि ऑर्डरीच्या अ‍ॅपने ती मागावी हे मला योग्य वाटत नाही. दिवसभर फोरग्राउंड सर्व्हिस, म्हणजे अ‍ॅप सतत जागं ठेवणारी सोय, चालवली तर हे सगळं टाळता येतं, पण त्याची किंमत सेल्समनची बॅटरी भरते. संध्याकाळी महूहून परतताना फोन बंद पडला तर घरी फोन करायलाही काही उरत नाही.

जीपीएसने दुकानाजवळ आल्याचं ओळखायचं हाही विचार झाला. सियागंजात दुकानाला दुकान लागून आहे, तिथे जीपीएसला काय कळणार. खंडवा रोडला दुकानं लांब लांब आहेत, तिथे ते जमेल, पण घाटात टॉवरच नाही.

मग ठरलं असं. वेळापत्रक घड्याळावर ठेवायचं नाही, माणसाच्या पावलांवर ठेवायचं. अ‍ॅप उघडलं, दुकान निवडलं, पहिली ओळ भरली, वाचून दाखवायचा पडदा आला. यातली प्रत्येक पायरी पुढची पायरी आधीच सांगून जाते.

२५ ऑगस्ट, सोमवार

पहिली पायरी, अ‍ॅप उघडणं. इथे काय काय घडतं ते नेटवर्कवरची पाकिटं टिपणाऱ्या टीसीपीडंपने पकडलं. अ‍ॅप सुरू होताक्षणी क्रॅशचा अहवाल पाठवणारी लायब्ररी, आकडेवारीची, नकाशाची, मालाच्या फोटोंची, लॉगिनची आणि शेवटी आमची ऑर्डरीची, अशा सगळ्या एकाच वेळी वेगवेगळ्या सर्व्हरकडे धावतात. प्रत्येकीचं डीएनएस वेगळं, टीसीपी वेगळं, टीएलएस वेगळं. फोनचा रेडिओ, म्हणजे टॉवरशी बोलणारा भाग, नुकताच जागा होतोय आणि त्याच्या दारात ही गर्दी. ज्या जोडणीसाठी माणूस थांबलाय ती या गर्दीत कुठेतरी मध्ये.

आज क्रम लावला. आधी ऑर्डरीची जोडणी. तिचं पहिलं उत्तर आलं, की मग फोटो. नकाशा त्याचा पडदा उघडेल तेव्हा. आकडेवारी आणि क्रॅशचे अहवाल ऑर्डर पाठवून झाल्यावर, रेडिओ तसाही जागा असतानाच. या कामाला नवी लायब्ररी लागली नाही. फक्त कुणी केव्हा सुरू व्हायचं याची एक छोटी रांग लागली. एवढ्यानेच फरक डोळ्यांना दिसतो.

जुन्या कोडमध्ये लॉगिनसाठी एक ओकेएचटीटीपी क्लायंट आणि ऑर्डरीसाठी दुसरा होता. दोघांचे कनेक्शन पूल (उघड्या जोडण्यांचे साठे) वेगळे, त्यामुळे लॉगिनने उभी केलेली जोडणी ऑर्डरीला वापरता येत नव्हती. आता एकच क्लायंट सगळीकडे. लॉगिनचा पत्ताही ऑर्डरीच्याच होस्टवर आणला. एचटीटीपी/२ एका जोडणीवर अनेक विनंत्या शेजारी-शेजारी चालवतं, मग दोन होस्ट कशाला.

नुसतं जोडून ठेव, काही मागू नको, असं सांगायची सोपी सोय आम्ही वापरतो त्या ओकेएचटीटीपीच्या ४ मालिकेत नाही. म्हणून सर्व्हरवर एक रिकामा पत्ता केला. त्याला विनंती गेली की रिकामं उत्तर येतं आणि जोडणी पूलमध्ये राहते. आम्ही याला ‘तयारीची विनंती’ म्हणतोय.

१ सप्टेंबर, सोमवार

दुसरा प्रश्न जास्त खोल आहे. जोडणी आधी उभी केली, पण गरज पडेपर्यंत ती जिवंत राहते का?

ओकेएचटीटीपी रिकामी जोडणी ५ मिनिटं ठेवतो. समोर सर्व्हरवर विनंत्या घेणारा एनजिनएक्स आहे; त्याचा किपअलाइव्ह, म्हणजे रिकामी जोडणी ठेवायचा काळ, मुळात ७५ सेकंदांचा, आणि आमच्याकडे कुणी त्याला हात लावलेला नव्हता. म्हणजे सव्वा मिनिटाने सर्व्हर जोडणी सोडतो. सोडल्याचं पाकीट फोनपर्यंत पोहोचलं तर ठीक, ओकेएचटीटीपी ती जोडणी टाकून नवी उभी करतो, पुन्हा सगळ्या फेऱ्या. पण काका तळघरात असतील तर ते पाकीट पोहोचतच नाही. फोनला वाटतं जोडणी आहे. तो तिच्यावर ऑर्डर लिहितो आणि उत्तराची वाट बघत राहतो, मुळातला टाइमआउट १० सेकंदांचा. मेलेली जोडणी जिवंत समजणं हे जोडणी नसण्यापेक्षा वाईट.

वाटेत ऑपरेटरचं नॅटही असतं, अनेक फोनना एकाच पत्त्यामागे ठेवणारं. आरएफसी ५३८२ म्हणतं की उभी टीसीपी जोडणी २ तास ४ मिनिटांच्या आत विसरू नये. मोबाइलच्या जाळ्यात त्यावर विसंबून चालत नाही.

नियम ठरवला: सोडायची ती फोनने आधी सोडायची, सर्व्हरने नंतर. सर्व्हरचा काळ ५ मिनिटं केला, फोनचा ४. आणि दुकानात मध्ये पडणाऱ्या खंडासाठी दुसरी पायरी जोडली: ऑर्डरीत ओळ भरताना बोट पडलं आणि जोडणीचा शेवटचा वापर ४ मिनिटांपेक्षा जुना असेल, तर तयारीची विनंती पुन्हा जाते. सेठजींनी मध्ये दहा गिऱ्हाइकं केली तरी हरकत नाही.

सर्व्हरवर असताना मित्राला दुसरी गोष्ट सापडली आणि ती खरं तर मोठी आहे. विनंत्या वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरच्या मागे दोन यंत्रं आहेत आणि प्रत्येकाची टीएलएस सेशन तिकिटाची (हे दाखवलं की फोनला पूर्वीची ओळख पुन्हा वापरता येते) किल्ली वेगळी होती. पहिल्या यंत्राने दिलेलं तिकीट दुसऱ्याला वाचता येत नव्हतं, आणि टीएलएस पुन्हा पहिल्यापासून. आता दोघांना एकच किल्ली, ठरावीक काळाने दोन्हीकडे बरोबर बदलणारी. याचा फायदा सगळ्यात जास्त जुन्या फोनना. टीएलएस १.३ अँड्रॉइड १० पासून आपोआप चालू असतं. आमच्या बऱ्याच सेल्समनकडे अजून ८ आणि ९ आहे, म्हणजे १.२ च्या दोन फेऱ्या. तिकीट चाललं तर त्यातली एक वाचते.

टीएलएस १.३ मध्ये शून्य फेरीची सोयही आहे, तिकीट असेल तर पहिल्याच पाकिटाबरोबर विनंती पाठवायची. तिच्या वाटेला गेलो नाही. ते पाकीट मध्येच कुणी पकडून पुन्हा पाठवलं तर सर्व्हरला ते ओळखता येईलच असं नाही, हे आरएफसी ८४४६ स्वतःच सांगतं. एका दुकानाला तोच माल दोनदा गेला तर भांडण सेल्समनच्या अंगावर येतं.

त्याच विचाराने प्रत्येक ऑर्डरीला फोनवरच एक क्रमांक द्यायला सुरुवात केली. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हर नवी ऑर्डर करत नाही, आधीचंच उत्तर परत देतो. मेलेल्या जोडणीवरून पुन्हा पाठवायची वेळ आली तरी भीती नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

जोडणी जिवंत, तरीही पाठवताना किंचित अडखळतं. लॉगमध्ये डीएनएस नाही, टीसीपी नाही, टीएलएस नाही, आणि तरी उत्तर एका फेरीपेक्षा उशिरा.

हा रेडिओ. फोन काही वेळ गप्प राहिला की टॉवर त्याला निष्क्रिय अवस्थेत टाकतो. एलटीईत, म्हणजे ४जीत, हा काळ बहुधा १० सेकंदांच्या आसपास असतो, तो ऑपरेटर ठरवतो. पुन्हा बोलायचं तर फोनला आधी टॉवरकडे परवानगी मागावी लागते. टीसीपीला याचा पत्ताही नसतो. त्याच्या दृष्टीने जोडणी उभीच आहे.

म्हणजे तयारी दोन थरांची आहे. जोडणी मिनिटांच्या हिशेबाने टिकते, रेडिओ सेकंदांच्या. पहिल्यासाठी दुकान निवडायची पायरी बरोबर आहे. दुसऱ्यासाठी अगदी शेवटची पायरी हवी: ऑर्डर वाचून दाखवायचा पडदा. तो उघडला की एक तयारीची विनंती. काका वाचून दाखवतात तेवढ्यात रेडिओ जागा झालेला असतो, आणि सेठजींची मान हलेपर्यंत पुन्हा झोपलेला नसतो.

दर काही सेकंदांनी पिंग पाठवून रेडिओ सतत जागा ठेवायचा सल्ला मिळाला होता. तो मानला नाही. प्रत्येक पिंगनंतर रेडिओ ते दहाएक सेकंद वीज खात बसतो, म्हणजे दिवसभर खात बसेल. एका दुकानाला फार तर तीन तयारीच्या विनंत्या, ही मर्यादा कोडमध्येच घातली.

७ सप्टेंबर, रविवार

काल अनंत चतुर्दशी. कापड मिली बंद पडून कित्येक वर्षं झाली तरी कामगारांच्या झांक्या (सजवलेले चित्ररथ) रात्रभर निघतात, आणि जेल रोड, कृष्णपुरा, राजवाडा इथे पाय ठेवायला जागा नसते. दोन फोन घेऊन राजवाड्यापाशी उभा राहिलो, एकात अ‍ॅपचं जुनं बिल्ड, एकात नवं. यासाठी इंदुरात याहून चांगली परीक्षा नाही.

सिग्नलच्या दांड्या भरलेल्या, आणि तरी काही हलत नाही. कारण दांड्या टॉवर किती जोरात ऐकू येतो ते सांगतात, त्याच्याकडे किती जण रांगेत आहेत ते नाही. निष्क्रिय फोन टॉवरकडे जागा मागतो ती एका सामायिक वाहिनीवर. दोघांनी एकाच क्षणी तोच संकेत पाठवला तर टक्कर होते, मग थांबून पुन्हा प्रयत्न. हजारो माणसं झांक्यांचे व्हिडिओ पाठवत असताना काय होत असेल ते उघड आहे.

इथे नव्या बिल्डची एक गोष्ट खटकली. तयारीची विनंती अडकली, आणि मी ऑर्डर पाठवली तेव्हा दोन्ही एकाच अरुंद वाटेत. ओकेएचटीटीपी दुसरीसाठी आणखी एक जोडणी उभारायला लागतो. पहिली आधी उभी झाली तर दुसरी टाकून देतो, पण तोवर गर्दीत दोघांची पाकिटं. ऑर्डरीला तयारीसाठी थांबवायचं का, यावर आज सकाळी बराच वाद झाला. माझं मत ठाम आहे: खरी विनंती कधीही तयारीसाठी थांबणार नाही. माणसाने बटण दाबलं की ती निघाली पाहिजे. उलट तयारीनेच माघार घ्यायची. तिचा टाइमआउट छोटा, ती अयशस्वी झाली तर पुन्हा प्रयत्न नाही, आणि लागोपाठ अपयश आलं तर काही मिनिटं तयारी बंदच.

झांक्या मात्र सुंदर होत्या. पहाटे घरी आलो.

११ सप्टेंबर, गुरुवार

लॉगमध्ये अधूनमधून बरोबर १० सेकंदांचा उशीर दिसत होता, आणि तो ठरावीक सिमकार्डांवरच. बरोबर दहा म्हणजे निसर्ग नव्हे, कुठला तरी टाइमआउट.

सर्व्हरचा आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा) पत्ता डीएनएसमध्ये होता, पण एका यंत्राच्या फायरवॉलमध्ये त्याला वाट नव्हती. ज्या ऑपरेटरचं जाळं मुख्यतः आयपीव्ही६ वर चालतं, तिथले फोन तो पत्ता आधी धरतात. ओकेएचटीटीपीची ४ मालिका एक पत्ता पूर्ण टाइमआउट होईपर्यंत सोडत नाही, मग दुसरा. आरएफसी ८३०५ ची पद्धत वेगळी: पहिल्याला सुरुवात करा, २५० मिलिसेकंदांत जमलं नाही तर दुसराही सुरू करा, जो आधी लागेल तो ठेवा. ५ मालिकेत असं दोघांना सोबत धाववणं मुळातच चालू आहे. फायरवॉल दुरुस्त केली, आणि लायब्ररीही ५ वर नेली.

१७ सप्टेंबर, बुधवार

सकाळची गर्दी. डेपोत हजेरी झाली की सगळे एकदम अ‍ॅप उघडतात आणि दिवसाची दुकानं, भाव, बाकी, सगळं एकदम उतरवतात. टीएलएसमध्ये सर्व्हरला सही करावी लागते आणि आरएसए पद्धतीची सही महाग पडते. सगळ्यांचे हँडशेक, म्हणजे जोडणीच्या सुरुवातीच्या ओळखी, एका मिनिटात आले की यंत्र त्यातच गुंततं. म्हणून प्रमाणपत्र ईसीडीएसए या दुसऱ्या पद्धतीचं घेतलं. सही स्वस्त, प्रमाणपत्रही लहान.

आणि इथे, फक्त इथे, घड्याळाचं वेळापत्रक कामाला आलं. पहाटे फोन चार्जिंगला असतो, बहुतेकांच्या घरी वायफाय असतं, आणि अर्धा तास इकडेतिकडे झाला तरी बिघडत नाही. वर्कमॅनेजर याचसाठी आहे. प्रत्येक फोनला सुरुवातीची सवड वेगळी, कर्मचारी क्रमांकावरून काढलेली, म्हणजे सगळे एका ठोक्याला धावत नाहीत. काही फोन कंपन्यांची बॅटरीची व्यवस्था असली कामं मारून टाकते. तिथे यादी डेपोतच उतरेल, पण तीही अशीच विखरून.

२४ सप्टेंबर, बुधवार

घटस्थापना परवा झाली. नवं बिल्ड सियागंज आणि मल्हारगंजच्या बीटना दिलं. लॉगमध्ये एक नवा रकाना ठेवला आहे: ऑर्डर पाठवताना जोडणी तयार होती की नव्हती. दुसरा रकाना: तयारी केली पण वापरलीच नाही. पहिला वाढला पाहिजे आणि दुसरा वाढता कामा नये. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय एकाचाही अर्थ लागत नाही, कारण सतत तयारी करत राहिलं तर पहिला आपोआप चांगला दिसेल आणि बॅटरी मरेल.

पाठवताना जोडणी तयार नसण्याच्या ज्या थोड्या नोंदी उरल्या, त्यातल्या बऱ्याच एका प्रकारच्या निघाल्या. दुकानदाराच्या वायफायवर फोन आपोआप जोडला जातो. नेटवर्क बदललं की जुनी टीसीपी जोडणी कामाची राहत नाही. आता डिफॉल्ट नेटवर्क बदलल्याची सूचना आली आणि अ‍ॅप पडद्यावर असलं, तर पूल रिकामा करून तयारी पुन्हा.

काकांना विचारलं. म्हणाले, “आता सेठजींकडे बघून पाठवतो, फोनकडे बघावं लागत नाही.”

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसरा, आज सगळ्या बीटना नवं बिल्ड गेलं. दिवाळीच्या ऑर्डरी सकाळपासून सुरू आहेत, ओळींची संख्या मोठी आहे आणि सर्व्हर निवांत.

क्विकचा, म्हणजे टीसीपीच्या जागी वापरायच्या नव्या पद्धतीचा, विषय उरला आहे. आरएफसी ९००० मे २०२१ मध्ये आलं. त्यात टीसीपी आणि टीएलएसच्या वेगळ्या फेऱ्या एकात मिसळतात, आणि जोडणीला स्वतःची ओळख असल्याने फोन वायफायवरून मोबाइलवर गेला तरी ती तुटावी लागत नाही. दुकानाच्या वायफायचा प्रश्न त्याने मुळातून सुटेल. पण क्विक ज्यावर चालतं ते यूडीपी आमचा लोड बॅलन्सर सध्या पुढे पाठवत नाही, आणि ओकेएचटीटीपी सोडून क्रोनेट ही दुसरी लायब्ररी घ्यावी लागेल. दिवाळीच्या तोंडावर हे करणं मला मान्य नाही. मालकांनाही तसं कळवलं. भाऊबीजेनंतर.

खंडवा रोडच्या बीटचं वेगळं बघायचं आहे. घाटात जोडणी आधी काय आणि नंतर काय, टॉवरच नाही. तिथे ऑर्डर फोनवर साठवून सिमरोलला परतल्यावर पाठवायची रांग हवी, आणि ती रांगही एकदम सुटू नये. सोमवारी त्या बीटच्या दादांबरोबर जातोय. कोणत्या वळणापासून सिग्नल जातो आणि कुठे परत येतो याची यादी ते बनवून ठेवणार आहेत.